हातचा

उणे एकोणीस.
मार्च संपताना त्याच्या नावापुढे एवढंच होतं.
नीलो कार्पानेन, बचावपटू, वय चौतीस,
डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू.

म्हणजे तो बर्फावर असताना
आम्ही केलेल्या गोलांपेक्षा
आमच्यावर झालेले एकोणीस जास्त.
लेहतिसारी क्लबचे व्यवस्थापक.
त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली,
मेलेल्या खात्याखाली ओढतात तशी.

मी इथली आकडेवाली.
बर्फ गोठवणाऱ्या यंत्राशेजारी माझी खोली,
दोन पडदे, एक थर्मास, भिंतीला कायमची थरथर.
म्हटलं, थांबा, भागाकार व्हायचाय अजून.
दहातल्या सात वेळा तुम्ही त्याला
आपल्याच जाळीसमोर उतरवता,
समोर त्यांची पहिली फळी,
आणि पक पलीकडे गेला रे गेला
की बाकावर बोलावता.
पाणी उपसायला लावून
ओल्या पायांचा दंड कसला घेता?

किती उरतात मग, त्यांनी विचारलं.
मी मांडलं. उणे चार.
मन राखायचं तर तीन.
"उणेच ना," ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

त्याच आठवड्यात सिल्वी हिएतामॅकीच्या मुलीने
एक खोकं आणून दिलं. आई गेली, म्हणाली,
हे तुमच्या कामाचं असेल, नाहीतर चुलीत घाला.

सिल्वी. कागद गिरणीच्या पगार-कचेरीत एकतीस वर्षं,
आणि दर शनिवारी रिंकच्या सगळ्यात वरच्या रांगेत,
लोकरी मोज्यांची बोटं कापून, पेन्सिल घेऊन.
वह्या गिरणीच्याच.
'जादा तास' छापलेल्या रकान्यात गोलवर मारलेले फटके,
'रजा'मध्ये पेनल्टीची मिनिटं.
शेवटचा रकाना बिननावाचा.
त्यात नुसत्या फुल्या,
कार्पानेनच्या ओळीत सर्वांत दाट.

गोलांशी ताळा घेतला. जमेना.
धडकांशी, अंगावर झेललेल्या फटक्यांशी. जमेना.
मग जुने सामने काढले, घड्याळ जुळवलं.
तिसरा भाग, अकरा मिनिटं चाळीस सेकंद: फुली.
पडद्यावर काहीच नाही.
पुन्हा लावलं. काहीच नाही.
चौथ्यांदा लावताना कॉफी सांडली, म्हणून थांबवलं,
आणि थांबलेल्या चित्रात दिसलं

पक घेऊन येणारा मान वर करतोय
आणि निळ्या रेघेवर कार्पानेन उभा.
धडक नाही, काठी पुढे केलेली नाही,
बंद दुकानाच्या फळीसारखा नुसता उभा.
येणारा अर्धा क्षण बघतो
आणि पक मागे देऊन टाकतो.

न झालेल्या हल्ल्याची फुली.
अकरा हंगाम. दोन हजार तीनशे आठ.

पगार-कचेरीतल्या बाईला ठाऊकच असणार
हातचा कुठे लिहायचा:
कडेला, बारीक, बेरजेच्या डोक्यावर.
उत्तरात तो कुणाला दिसत नाही.
विसरलात तर उत्तर चुकतं, एवढंच.

मी रकान्याला नाव दिलं. सूत्र बसवलं.
लेहतिसारींनी दोनदा वाचलं
आणि करार वाढवला एका वर्षाने, पगार जरा कापून.
सही करताना कार्पानेन म्हणाला,
"म्हणजे मी उभा राहतो, त्याचे पैसे?"
हो.
"मग गुडघा कुठल्या रकान्यात?"
मला उत्तर आलं नाही.
त्यालाही ते नको होतं, तो बूट शोधत होता.

सिल्वीने नाव का दिलं नसेल,
हे मात्र परवा सरावात थोडं कळलं.
अठरा वर्षांचा ओत्सो,
पाय भलते चपळ, एका जागी कधी ठरत नाहीत,
निळ्या रेघेपाशी येऊन मुद्दाम थांबला.
त्याच्या बाजूने कुणी येतच नव्हतं.
तरी उभा राहिला, छाती काढून,
आणि मग मान वर करून बघितलं
माझ्या खिडकीकडे,

मोजलं का.